अभ्यासकांचीही दिंडी असावी

पंढरीची वाट आपण दिंडीने चालतो. एकट्याने चालून पंढरी येत नाही असे नाही. पण दिंडीत एकाचा टाळ चुकला तर शेजारचा सांभाळून घेतो, न येणारा अभंग पुढच्याच्या तोंडून ऐकता ऐकता पाठ होतो आणि थकलेल्याची पडशी दुसरा खांद्यावर घेतो. मग संतांच्या जुन्या पोथ्या अभ्यासणाऱ्यानेच एकट्याने का चालावे?

हा प्रश्न विद्यापीठांचा, आपला नव्हे, असे कुणी म्हणेल. त्याने नाथमहाराजांकडे पाहावे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठ बिघडले होते, म्हणून नाथांनी शके १५०६ मध्ये ग्रंथ शुद्ध केला. त्याची आठवण म्हणून आपण भाद्रपद वद्य षष्ठीला ज्ञानेश्वरी जयंती साजरी करतो. याचा अर्थ असा की पाठशुद्धीचा उत्सव करणारा आपला संप्रदाय आहे. जुनी प्रत पारखणे ही आपल्याकडे सेवाच होती.

आता एक योग पाहा. १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. त्याच साली पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभे राहिले. दोन्ही गावांत अंतर जेमतेम एका मुक्कामाचे. पुण्याच्या संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि १९६६ मध्ये पुरे केले. सुरू करणाऱ्या पिढीतले कितीतरी जण शेवट पाहायला उरले नाहीत, पण काम अडले नाही, कारण ते एकाचे नव्हतेच. आळंदीत विद्यार्थी ओवी कंठात साठवतो, पुण्यात अभ्यासक पाठभेद टिपतो. एकाकडे अर्थाची परंपरा, दुसऱ्याकडे अक्षराची पारख. या दोघांना एका पंगतीला बसवणे आपल्याला अजून नीट जमलेले नाही, ही माझी तक्रार आहे.

जमतच नाही असे मात्र नाही. सोनोपंत दांडेकर महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत, प्राचार्यही झाले आणि कीर्तनालाही उभे राहत. त्यांनी सिद्ध केलेली ज्ञानेश्वरी आपल्या पारायणात आजही असते. शं. गो. तुळपुळे आणि अमेरिकेच्या ॲन फेल्डहाउस यांनी मिळून जुन्या मराठीचा कोश केला. तुळपुळे १९९४ मध्ये गेले, कोश १९९९ मध्ये छापून निघाला. एकाने ठेवलेला वीणा दुसऱ्याने उचलला, तो असा.

दोष दोन्हीकडे आहे. काही अभ्यासक फडावर येतात, महाराजांचे बोलणे टिपून नेतात, पुढे परक्या भाषेत ग्रंथ लिहितात आणि ज्याच्याकडून घेतले त्याला त्याची प्रतही पोचत नाही. हे बरे नव्हे. ज्या घरी जेवलो त्या घरी निरोप सांगून निघावे, एवढी रीत वारकरी पोरालाही ठाऊक असते.

आणि आपण? माझ्याच घरची गोष्ट सांगतो. आजोबांच्या फडताळात अभंगांचे एक हस्तलिखित बाड होते. त्याला कसर लागली, पाने चिकटली. घरच्यांनी मोठ्या भक्तिभावाने, फूल वाहून, ते इंद्रायणीत सोडले. मीही हात जोडून उभा होतो. पुढे मी मोडी शिकलो, आणि त्या दिवसापासून ते बाड मला छळते. त्यात नेहमीचेच अभंग असतील, किंवा एखादा असा पाठ असेल की जो दुसरीकडे कुठेच उरला नाही. आता कळायचा मार्ग नाही. याउलट तळेगावच्या जगनाडे घराण्याने संताजींची बाडे जपली, म्हणून वि. ल. भावे यांना त्यांच्या आधारे तुकोबांचा गाथा छापता आला. पोथी जपणाऱ्या घराचे ऋण अभ्यासकाच्या विद्वत्तेहून कमी नाही.

पाठभेद काढले की श्रद्धा डळमळते, अशी शंका पुष्कळांच्या मनात असते. मला तसे वाटत नाही. नाथांनी पाठ तपासले, त्यांची माउलींवरची श्रद्धा कमी झाली काय? उलट, शब्द माउलींचाच असावा ही ओढ श्रद्धेशिवाय येणार कुठून?

संधी नाहीत म्हणावे, तर त्याही आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग भरतात. कीर्तन शिकणाऱ्या एखाद्या मुलाने मोडीही शिकावी. संशोधन करणाऱ्या मुलीने एखादी वारी दिंडीत चालावी, म्हणजे अभंग कोणत्या चालीत आणि कोणत्या वेळी जगतो ते तिला कळेल. चातुर्मासात फडाने एक संध्याकाळ अशा अभ्यासकाला द्यावी. त्याने सोप्या मराठीत बोलावे, ज्येष्ठांनी चुकेल तिथे टोकावे. त्याला नोकरी आपण देऊ शकणार नाही. ऐकणारी माणसे देऊ शकतो, आणि एकट्या अभ्यासकाला तीही थोडी नाहीत.

तोवर एवढे करा. घरात जुने बाड असेल तर ते पाण्यात सोडू नका. कोरड्या सुती कापडात बांधून ठेवा, जमल्यास पानापानाचे छायाचित्र घ्या आणि वाचता येणाऱ्या माणसाला दाखवा. फूल वाहायचे तर तिथेच वाहा.