नामभेद आणि वस्तुभेद : एलिएस-विश्लेषणाची एक मर्यादा

कोयनानगरच्या जलाशयास ‘शिवसागर’ असेही म्हणतात. एका नावाने पाणी सोडले, तरी दुसऱ्या नावाखालील पातळीही उतरतेच. नामभेद हा वस्तुभेद नव्हे. कंपायलरच्या एलिएस-विश्लेषणाचा मूळ प्रश्न हाच होय. दोन पॉइंटर एकाच स्मृतिस्थानाचा निर्देश करतात काय, याची मुख्य उत्तरे तीन : निश्चित करतात, निश्चित करीत नाहीत, करू शकतील.

या उत्तरांच्या आधारे एलएलव्हीएमसारखी प्रणाली फंक्शनचा स्मृतिव्यवहार अनुमानित करते. बाहेर न निसटणाऱ्या स्थानिक स्मृतीवरील लेखन ती गणनेत घेत नाही; अपरिचित फंक्शन मात्र कोणतीही बाह्य स्मृती वाचते व बदलते, असे गृहीत धरते. अज्ञानाला नकार न समजण्याचा हा विवेक प्रशंसनीय आहे.

तथापि एक आक्षेप उरतो. ‘कोयना’ म्हणजे नदी, धरण की प्रकल्प, हे वाक्यावरून ठरते. फंक्शनच्या आतील पॉइंटरांविषयी मात्र सर्व कॉलांसाठी एकच निर्णय दिला जातो. एखाद्याच कॉलात ते एकरूप होण्याचा संभव असला, तरी ‘करू शकतील’ हेच उत्तर सर्वत्र लागू होते. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकातील ‘रिस्ट्रिक्ट’ ही उणीव काही अंशी भरून काढते. परंतु ते अभिवचन खोटे ठरल्यास प्रोग्रामचे वर्तन अपरिभाषित होते. संदर्भाचा विचार विश्लेषणानेच करावा, हे अधिक श्रेयस्कर.