संगणकभाषांची वाढ आणि विस्मृतीचा अभाव

संगणकाला आज्ञा देण्यासाठी रचलेल्या संकेतपद्धतींना 'भाषा' हे नाव रूपकानेच मिळालेले आहे. रूपकाने मिळालेले नाव पुढे रूपकापलीकडचे दावे करू लागते, तेव्हा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये. या भाषांच्या वाढत्या गुंतागुंतीचे समर्थन करताना 'जिवंत भाषा वाढावयाचीच' असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. तो कितपत टिकतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

1960 साली प्रसिद्ध झालेला 'अल्गोल 60' या भाषेचा अहवाल मूळ नियतकालिकात अवघ्या सोळा पृष्ठांचा होता. त्यातील वाक्यरचनेचे नियम जॉन बॅकस यांच्या संकेतपद्धतीने मांडलेले होते, आणि त्या पद्धतीचे पाणिनीच्या सूत्रपद्धतीशी असलेले साम्य पाहून पीटर इंगरमन यांनी 1967 मध्ये तिला पाणिनीचेही नाव द्यावे असे सुचविले होते. याउलट 'सी प्लस प्लस' या भाषेचे 2020 सालचे प्रमाणपत्रक अठराशेंहून अधिक पृष्ठांचे आहे. पृष्ठे मोजणे हे स्थूल माप आहे, हे मान्य केले पाहिजे. त्या पत्रकाचा फार मोठा भाग सिद्ध साधनसंग्रहाच्या वर्णनाने व्यापलेला आहे. शिवाय अल्पाक्षरत्व म्हणजे सुबोधता नव्हे. तसे असते तर सुमारे चार हजार सूत्रांच्या अष्टाध्यायीला महाभाष्याची गरज भासली नसती.

म्हणून आकार सोडून रचनेकडे वळावे. 'सी प्लस प्लस'मध्ये एखाद्या पूर्णांकाला आरंभीचे मूल्य देण्याचे निदान चार प्रकार आहेत: बरोबरीच्या चिन्हाने, गोल कंसाने, महिरपी कंसाने, आणि बरोबरीचे चिन्ह व महिरपी कंस या दोहोंनी मिळून. यांपैकी महिरपी कंसाचा सार्वत्रिक उपयोग 2011 च्या आवृत्तीत आला, तो सर्व प्रकारांत एकसूत्रता आणण्यासाठी. परंतु जुने प्रकार काढून टाकता येत नसल्यामुळे एकसूत्रतेचा उपाय हाच आणखी एक प्रकार होऊन बसला. तो निरुपद्रवी पर्यायही नाही. पूर्णांकांच्या 'व्हेक्टर' नामक मालिकेला 3 आणि 1 हे अंक गोल कंसात दिले, तर प्रत्येकी 1 मूल्याचे तीन घटक निर्माण होतात. तेच अंक महिरपी कंसात दिले, तर 3 आणि 1 असे दोनच घटक मिळतात. समानार्थी वाटणारी दोन रूपे प्रसंगी भिन्नार्थी व्हावीत आणि ती भिन्नता केवळ कंसाच्या आकारावर अवलंबून असावी, हा प्रकार वैयाकरणाला अस्वस्थ करणारा आहे.

नैसर्गिक भाषेची वाढ अशी होत नाही. संस्कृतातील द्विवचन प्राकृतात नष्ट झाले. विभक्तिरूपांचा विस्तृत पसारा आटोपून मराठीने सामान्यरूप आणि त्यावर लागणारे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये यांवर आपला बहुतेक व्यवहार चालविला. हे कोणा समितीने ठरविले नाही. प्रत्येक पिढी भाषा नव्याने शिकते आणि शिकताना बरेच काही गाळून टाकते. जितके येते, तितकेच निमूटपणे जातेही. संगणकभाषेला ही विस्मृती उपलब्ध नाही, कारण तिचे जुने ग्रंथ रोज पुन्हा वाचले जातात, आणि वाचणारे यंत्र पाठभेद किंवा संदर्भ पाहून समजूत करून घेत नाही. 1290 सालची ज्ञानेश्वरी आणि आजचे वृत्तपत्र एकाच व्याकरणाने, एकही अपवाद न करता, लावून दाखविण्याचे बंधन मराठीवर असते, तर तिचे व्याकरण कसे झाले असते याची कल्पना करावी.

लोप अगदीच होत नाही असे नाही. 'ऑटो' या शब्दाचा 'सी'मधून आलेला मूळ अर्थ जवळजवळ कोणी वापरीत नव्हते, म्हणूनच 2011 मध्ये त्याला सर्वस्वी नवा अर्थ देता आला. परंतु वापरात असलेले रूप बदलावयाचे तर किंमत मोठी असते. 'पायथन'ची तिसरी आवृत्ती 2008 मध्ये जुन्या आवृत्तीशी विसंगत अशी आली. दुसरीचा अधिकृत सांभाळ थांबावयास 2020 उजाडले. अकरा वर्षांहून अधिक काळ दोन बोली शेजारी शेजारी नांदल्या.

यावर सामान्यतः दिले जाणारे उत्तर असे, की प्रत्येकाने आपल्याला हवा तेवढाच भाग वापरावा. 'सी प्लस प्लस'चे कर्ते ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रूप यांनीही 1994 च्या आपल्या ग्रंथात, या भाषेच्या आत एक लहान व अधिक स्वच्छ भाषा आहे अशा आशयाचे मत मांडले आहे. परंतु हे उत्तर लिहिणाऱ्याच्या बाजूचे आहे. बोलणाऱ्याची सोय आणि ऐकणाऱ्याची सोय परस्परविरुद्ध दिशांना ओढतात, हे झिफ यांनी 1949 मध्येच दाखविले होते. लेखक आपला चतुर्थांश निवडू शकतो. दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली दुरुस्त करावयास बसलेल्या वाचकाला तशी निवड नाही. दहा लेखकांनी दहा निरनिराळे चतुर्थांश निवडले, की वाचकाला संपूर्ण भाषाच यावी लागते. आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्या नोकरीत बहुधा हेच वाचकाचे काम मिळते.

स्ट्रॉस्ट्रूप यांना हा धोका दिसला नव्हता असे नाही. 1628 साली स्टॉकहोमच्या बंदरात पहिल्याच सफरीत बुडालेल्या 'वासा' या जहाजाचे स्मरण देऊन त्यांनी 2018 मध्ये प्रमाणीकरण समितीस नव्या भरीविषयी सावध केले होते. 2020 च्या आवृत्तीत 'कन्सेप्ट', 'मॉड्यूल', 'कोरूटीन' आणि 'रेंज' अशा चार मोठ्या सोयींची भर पडली. यांपैकी 'मॉड्यूल' ही जुन्या 'इन्क्लूड' पद्धतीला पर्याय म्हणून आली. जुनी पद्धत अर्थातच तशीच ठेवण्यात आली.