पाचवी पिन : पँडोरा बॅटरीचे रसग्रहण

पीएसपीच्या पाठीवरचे झाकण काढून बॅटरी हातात घेतली, की तिच्या कडेला धातूचे तीन संपर्क दिसतात. वीज वाहायला दोन पुरतात, एक धन आणि एक ऋण. तिसरा आहे तो बोलण्यासाठी. चार्ज किती उरला, व्होल्टेज किती, तापमान किती, हे सारे बॅटरी त्या तिसऱ्या वाटेने यंत्राला कळवत असते. या माहितीत तिचा स्वतःचा सिरीयल नंबरही असतो. पीएसपी हातात घेऊन वर्षानुवर्षे खेळणाऱ्या बहुतेकांचे या तिसऱ्या संपर्काकडे कधी लक्षही गेले नसेल. ऑगस्ट २००७ मध्ये ‘पँडोराची बॅटरी’ या नावाने जी करामत जगापुढे आली, तिचा सगळा डौल या इवल्या पट्टीवर उभा आहे. हातात मावणाऱ्या गेम कन्सोलच्या इतिहासात इतकी काटकसरीची आणि इतकी नेमकी कारागिरी मला दुसरी दिसत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. सोनीने प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजे पीएसपी, १२ डिसेंबर २००४ रोजी जपानमध्ये आणले. ४.३ इंची रुंद पडदा, ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावणारा प्रोसेसर आणि मेमरी स्टिकची खाच असलेला तो खिशातला संगणकच होता. त्यावर आपला स्वतःचा प्रोग्राम चालवायची ऊर्मी हौशी प्रोग्रामरांना होणे साहजिक होते, आणि तो चालू न देण्याची सोनीची धडपडही तितकीच साहजिक. मग शिवाशिवीचा खेळ सुरू झाला. २००५ मध्ये टिफ प्रकारच्या चित्रफाइलीतली चूक सापडली, पुढे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : लिबर्टी सिटी स्टोरीज’च्या सेव्ह-फाइलीतली, जून २००७ मध्ये ‘ल्युमिनेस’ या खेळातली. प्रत्येक वेळी सोनी नवे फर्मवेअर काढून ती फट लिंपून टाकी. या युक्त्या हुशारीच्या होत्या, पण साऱ्या एकाच मजल्यावरच्या : यंत्र सुरू झाल्यानंतर, चालत्या सॉफ्टवेअरमध्ये शोधलेल्या. पँडोराने मजलाच बदलला. यंत्र पुरते जागे होण्याआधीचा क्षण तिने निवडला, आणि ही निवड हीच तिची पहिली दाद घेणारी जागा.

तो क्षण जवळून पाहण्यासारखा आहे. बटण सरकवल्यावर पीएसपीच्या मुख्य चिपमध्ये कोरलेला चार किलोबाइटांचा एक छोटा प्रोग्राम पहिल्यांदा चालतो. तो आतल्या फ्लॅश मेमरीतून पुढचा टप्पा उचलतो, त्याचे कूट उलगडतो, तपासतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. मग पायरीपायरीने फर्मवेअर, मेनू, खेळ. ही साखळी चोख असते, पण तिची एक दुबळी कडी फ्लॅश मेमरीत असते. तिथली मोजकी माहिती बिघडली की पुढचे काहीच चालत नाही. हिरवा दिवा लागतो, पडदा काळाच राहतो. याला लोक ‘ब्रिक झाला’ म्हणत. ऑक्टोबर २००५ मध्ये जुने फर्मवेअर परत आणून देण्याचे सोंग घेतलेला एक घातकी प्रोग्राम पसरला होता. त्याने फ्लॅशमधल्या चार फाइली पुसल्या की चांगले चालते यंत्र निकामी. काच शाबूत, बटणे शाबूत, प्रोसेसर शाबूत, आणि तरी सारे व्यर्थ. अशा यंत्राला काही सांगायचे तर कुठल्या वाटेने? मेनू नाही, पडदा नाही, बटणांना प्रतिसाद नाही. उरते ती फक्त बॅटरी, कारण तिच्याशिवाय काहीच घडत नाही. ज्या गोष्टीवर यंत्राला भिस्त ठेवावीच लागते तिच्याच तोंडून निरोप पाठवायचा, ही योजना ज्या कोणा अभियंत्याला सुचली त्याला मनापासून सलाम.

ही योजना मुळात सोनीचीच होती, हे विसरून चालणार नाही. कारखान्यात आणि सर्व्हिस सेंटरात बिघडलेली यंत्रे उठवायला काहीतरी साधन हवे असतेच. त्यासाठी खास बॅटरी होती. तिला ‘जिगकिक’ म्हणत. जुन्या वाड्याच्या भल्यामोठ्या दरवाजातच एक लहान दिंडी दरवाजा असतो. मोठा दरवाजा अडसर घालून बंद असला तरी घरचा माणूस त्यातून वाकून आत येतो. सर्व्हिस मोड हा पीएसपीचा दिंडी दरवाजा. त्याची खूण होती बॅटरीचा सिरीयल नंबर. नंबर ठरावीक निघाला, की यंत्र आतल्या फ्लॅशकडे न पाहता थेट मेमरी स्टिककडे वळते आणि पुढचा टप्पा तिथून उचलते. बाहेरच्या अंगाला ना वेगळे बटण, ना छुपे छिद्र, ना जास्तीची तार. जे मुळातच जोडलेले आहे त्यातूनच जास्तीचा अर्थ काढला आहे. अभियांत्रिकीतला संयम म्हणतात तो हाच.

आता तो नंबर पाहा, कारण खरी रसाची जागा इथे आहे. सिरीयल नंबर बत्तीस बिटांचा असतो, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ शक्यता. त्यातल्या फक्त दोन यंत्राला विशेष वाटतात. सगळ्या बिटांच्या जागी शून्य असेल, तर बॅटरी बसवताच यंत्र आपोआप सुरू होते आणि नेहमीसारखे चालते. सगळ्या जागी १ असेल, म्हणजे हेक्साडेसिमल लिखाणात ओळीने आठ एफ, तर यंत्र सर्व्हिस मोडमध्ये शिरते. बाकीचे सारे नंबर सामान्य. एका टोकाला निखळ शून्ये, दुसऱ्या टोकाला निखळ एक, आणि मधल्या अफाट पसाऱ्यात चारचौघांसारख्या सगळ्या बॅटऱ्या. तंत्रज्ञाला कागदावर टिपूनही ठेवावी लागू नये अशी ही आखणी आहे.

पण निखळ १ निवडण्यात आणखी एक बारकावा आहे, आणि तो सहज निसटतो. अशा चिपमधली स्मृती पुसून कोरी केली, की तिच्या प्रत्येक जागी १ वाचला जातो, शून्य नव्हे. म्हणजे ओळीने आठ एफ हा पाहता पाहता कोऱ्या पाटीचा नंबर ठरतो. ज्या बॅटरीला अजून नाव दिलेले नाही, किंवा जिचे नाव वाचताच येत नाही, ती यंत्राच्या लेखी दुरुस्ती करणाऱ्याची बॅटरी. कारखान्याच्या दृष्टीने हे सोयीचेच. हौशी मंडळींच्या दृष्टीने मात्र त्यात एक मोठी देणगी दडलेली होती : विशेष नंबर लिहिता येत नसेल, तर आहे तो नंबर वाचू न देणेही पुरेसे होते. मौनालाच अर्थ असलेली अशी खूण तंत्रज्ञानात क्वचित भेटते.

इथे पाचवी पिन येते. पहिल्या, जाड पीएसपीची बॅटरी १८०० मिलिअँपिअर-तासांची. तिचे प्लास्टिकचे कवच शिवणीवर अलगद उकलले, की सेलच्या शेजारी हिरवी पट्टी दिसते आणि पट्टीवर आठ पायांची एक चिप. सिरीयल नंबर तिच्यात राहतो. तिचा पाचवा पाय सोल्डरमधून सोडवून किंचित वर उचलला, की नंबर वाचणाऱ्याच्या हाती सगळे १ पडतात. झाले. नवा भाग नाही, जास्तीची तार नाही, प्रोग्रामची एक ओळ नाही. तांदळाच्या दाण्याहून बारीक असा एक पाय, आणि तो केसभर उचलायचा. पुष्कळ करामती काहीतरी जोडून साधतात. ही एक जोड सोडवून साधते, आणि तिच्या सौंदर्याचे मर्म या वजाबाकीत आहे.

दुसरी वाट सॉफ्टवेअरची, आणि ती वेगळ्या अर्थाने देखणी. जिच्यावर आपला प्रोग्राम चालतो अशी एक धडधाकट पीएसपी हाताशी असली, तर ती त्याच तिसऱ्या संपर्कातून आपल्या बॅटरीच्या चिपमध्ये नवा नंबर लिहू शकत असे. आठ एफ लिहिले की पँडोरा. जुना नंबर परत लिहिला की पुन्हा साधी बॅटरी. कवच उघडायला नको, डाग द्यायला नको, आणि केलेले सगळे निस्तरता येते. एका चालत्या यंत्राने आपल्या बॅटरीवर खूण लिहायची आणि ती बॅटरी शेजारच्या बंद पडलेल्या यंत्रात घालून त्याला उठवायचे. त्या काळात ज्याच्याकडे अशी पीएसपी असे तो आपोआप सगळ्या मित्रांचा दुरुस्तीवाला होई. ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जाताना यंत्रेही एकमेकांना सावरत होती, ही या वाटेची खरी शोभा.

बॅटरी केवळ दार उघडते. आत जाऊन काम करायचे ते मेमरी स्टिकने. हौशी मंडळी तिला ‘मॅजिक’ मेमरी स्टिक म्हणत. तिच्या रचनेतली नजाकत वरवर दिसत नाही. संगणकाला जोडली तर ती चारचौघींसारखी स्टिक भासते, फाइली दिसतात, बाकी काही नाही. सुरुवातीचा प्रोग्राम फाइल म्हणून ठेवलेलाच नसतो. फाइलींचा विभाग सुरू होण्याआधी जी मोकळी जागा राहते तिथे, सोळाव्या सेक्टरपासून, तो थेट कोरलेला असतो. कारण उघड आहे : जागे होऊ घातलेल्या चार किलोबाइटांच्या प्रोग्रामला फोल्डर-फाइलींचा संसार कळत नाही, त्याला ठरलेल्या जागी ठरलेले बाइट मिळाले पाहिजेत. त्या जागेवरच्या प्रोग्रामची तपासणी यंत्र करतेच, पण त्या तपासणीतही एक फट होती. टीम सी+डी या गटाने ती शोधली आणि आपला प्रोग्राम त्यातून आत नेला. त्यांनी या उपक्रमाला ‘प्रोमिथियस’ असे नाव दिले होते. बॅटरीची खूण, स्टिकवरची जागा आणि तपासणीतली फट, ही तीन टोके जुळल्याशिवाय काहीच घडले नसते. तीन वेगळ्या कोड्यांची उत्तरे एकाच क्षणी एकत्र आणणे ही मोठ्या तालमीची गोष्ट आहे.

आणि तो क्षण पाहण्यासारखा असे. स्टिक खाचेत, बॅटरी खोबणीत. बटणाला हात लावायच्या आधीच हिरवा दिवा लागतो. ज्या यंत्राच्या पडद्यावर महिनोनमहिने काही उमटले नव्हते, त्यावर अक्षरे उमटतात. पुढे डार्क_अ‍ॅलेक्स या टोपणनावाच्या प्रोग्रामरने ‘देस्पेर्तार देल सिमेंतेरिओ’ नावाचे साधन याच पायावर उभारले. फ्लॅशमधली जुनी प्रत जपून ठेवणे, कोरे फर्मवेअर घालणे, बिघडलेले पूर्ववत करणे, सारे एका मेनूत. मग त्याने ‘टाइम मशीन’ आणले. त्यात पँडोरा बॅटरीच्या जोरावर मेमरी स्टिकवरूनच वेगवेगळ्या काळातली फर्मवेअरे चालवता येत, आतल्या फ्लॅशला धक्का न लावता. अडीअडचणीला काढायची किल्ली रोजच्या वापरातले वाद्य झाली. चांगल्या रचनेत मूळ हेतूपेक्षा जास्त काही मावते, याचा हा सुरेख दाखला.

सोनीला हे दार लगेच का बंद करता आले नाही, यातही एक तर्कशुद्ध लय आहे. आधीच्या युक्त्या फर्मवेअरमधल्या चुकांवर होत्या, म्हणून नव्या फर्मवेअरने त्या बुजत. पँडोराची मुळे मात्र सिलिकॉनमध्ये कोरलेल्या त्या पहिल्या प्रोग्राममध्ये होती, आणि कोरलेले कुठल्याही अपडेटने पुसले जात नाही. त्यामुळे तोवर विकल्या गेलेल्या प्रत्येक पीएसपीला, तिच्यावर कोणतेही फर्मवेअर असो, पँडोरा लागू पडली. उपाय एकच होता : चिपच बदलणे. पीएसपी-२००० च्या अखेरच्या काही मदरबोर्डांत आणि २००८ मध्ये आलेल्या पीएसपी-३००० मध्ये सोनीने तो केला, आणि पुढच्या यंत्रांत बॅटरीशी सांकेतिक प्रश्नोत्तरेही घातली. नुसते मौन आता पुरेनासे झाले. सोनीची ही दुरुस्तीही चोख होती, आणि रसिकाने दोन्ही बाजूंच्या कारागिरीला दाद द्यायला हवी.

या करामतीने चोरलेले खेळ चालवणाऱ्यांचीही सोय केली, हे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. खेळ घडवणाऱ्यांच्या कष्टांचे त्यात नुकसान झाले. पण मूळ रचनेचे मोल त्याने घटत नाही. निर्मात्याने आपल्या माणसांसाठी राखलेली दुरुस्तीची वाट तिने यंत्राच्या मालकापर्यंत आणली, आणि जिथे ‘आता फेकून द्या’ एवढेच उत्तर मिळाले असते तिथे हजारो बंद यंत्रे पुन्हा चालू लागली.

पीएसपीची विक्री २०१४ मध्ये थांबली. तुमच्या कपाटात एखादी पडून असेल, तर आधी तिची बॅटरी काढून पाहा. ती फुगलेली असेल तर उघडायच्या फंदात पडू नका. लिथियमच्या सेलला धातूचे पाते लागले तर आग लागू शकते. तशी बॅटरी ई-कचऱ्याच्या केंद्रात द्या. आणि यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांकडे एक मागणे : ज्या यंत्राची दुरुस्ती तुम्ही बंद करता, त्याच्या सर्व्हिस मोडची किल्ली त्याच दिवशी मालकांच्या हाती द्या. तिच्यासाठी कुणाला पाचवी पिन उचलावी लागू नये.