रोमन सुखात्मिकेचे चित्रपटीय रूपांतर : दासाच्या मुक्तीचा प्रश्न

प्रस्तावना

अभिजात नाटकाच्या चित्रपटीय रूपांतराचे मूल्यमापन बहुधा मूळ संहितेशी असलेल्या निष्ठेवरून केले जाते. प्लॉटसच्या सुखात्मिकांबाबत हा निकष अपुरा ठरतो, कारण प्लॉटस स्वतःच रूपांतरकार होता. मिनँडरच्या ग्रीक नाटकाचा 1968 मध्ये प्रसिद्ध झालेला अंश प्लॉटसच्या ‘बॅकिडीस’शी ताडून पाहता त्याने प्रसंग गाळल्याचे व दासाचे नावही बदलल्याचे दिसते. म्हणून काय बदलले यापेक्षा बदलातून काय साधले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात रिचर्ड लेस्टर दिग्दर्शित ‘अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम’ (1966) या चित्रपटाचा या दृष्टीने विचार केला आहे. 1962 च्या ब्रॉडवे संगीतिकेवर आधारित या चित्रपटाचे मुख्य सूत्र प्लॉटसच्या ‘स्यूडोलस’मधून आले आहे.

विवेचन

इ.स.पू. 191 मधील ‘स्यूडोलस’ या नाटकात दास आपल्या तरुण धन्यासाठी कुंटणखान्याच्या मालकाला, बॅलिओला, फसवून धन्याच्या प्रेयसीला सोडवतो. पैजेचे पैसे मिळतात, तो मद्याने झिंगतो. पण दासच राहतो. चित्रपटातील स्यूडोलसचे सारे डावपेच मात्र स्वतःच्या मुक्तीसाठी आहेत आणि अखेरीस ती त्याला मिळते. दास दासच राहिला तर आधुनिक प्रेक्षकाला तो शेवट सुखद वाटणार नाही, याची ही जाण आहे.

ही जाण स्त्रीपात्रांपर्यंत मात्र पोहोचत नाही. प्लॉटसचा बॅलिओ हाती चाबूक घेऊनच प्रवेश करतो. त्यामुळे हास्यामागील हिंसा प्रेक्षकासमोर राहते. चित्रपटातील लायकस हा मिठ्ठास, भित्रा व्यापारी आहे आणि त्याच्या घरातील स्त्रिया नेत्रसुखासाठी मांडलेल्या आहेत. नायिका फिलिया सुटते तीही अंगठीवरून तिचे स्वतंत्र कुळ उघड झाल्यामुळे. ज्यांचे कुळ सापडत नाही, त्यांच्याविषयी चित्रपट मौन बाळगतो.

निष्कर्ष

दासाला मुक्तीची आकांक्षा देणे हे या रूपांतराचे खरे यश होय. परंतु मूळातील चाबूक दृष्टिआड केल्याने स्त्रियांची विक्री निरुपद्रवी विनोद ठरते. या एका बाबतीत दोन सहस्रकांपूर्वीचा प्लॉटस अधिक प्रामाणिक वाटतो.