सातबाऱ्याबाहेरच्या नायिका

'बाईपण भारी देवा'ने 2023 च्या पावसाळ्यात थिएटरं भरली, बाया भिशीचे गट करून गेल्या आणि मराठीत एक नवा हिशेब रूढ झाला: पडद्यावर जितक्या वयांच्या जितक्या बाया, तितकं बाईचं प्रतिनिधित्व. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने यांची कामं खणखणीत आहेत, त्याबद्दल वाद नाही. वाद हिशेबाशी आहे. सहा बहिणी, सहा संसार, सहा दुःखं आणि समेट मंगळागौरीच्या खेळात! याच हिशेबाचा 'झिम्मा' तर दोनदा येऊन गेला. त्याविषयी इतकंच पुरे.

अकोला-अमरावतीत बसून हे चित्रपट पाहणाऱ्याला आधी बोली खटकते. या सगळ्या विविधतेत वऱ्हाडी बोलणारी बाई कुठे आहे? असलीच तर हशा पिकवायला. भारत गणेशपुरेंनी आमची बोली घरोघर पोचवली, हे त्यांचं श्रेय. पण 'काहून' ऐकलं की हसायचं, ही सवयही छोट्या पडद्यानेच लावली. उद्धव शेळक्यांच्या 'धग' कादंबरीतली कौतिक 1960 सालीच याच बोलीत अख्खा संसार ओढत होती, आणि तिच्या दुःखावर कुणाला हसू आलं नव्हतं.

माझा ओढा आहे तो दुसऱ्या परंपरेकडे. तिचं मूळ नाटकात आहे. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' 1985 साली रंगमंचावर आलं. दादी, आई, वहिनी, प्रभा, रंजू एका छपराखाली. पण त्यांना एकमेकींत अडकवतं ते सोनं, जमीन आणि तेराव्याचा खर्च. प्रभाची चिडचिड तिच्या राहून गेलेल्या शिक्षणातून येते. रंजू पळते, तीही दागिन्यांसकट. वाड्यातल्या कुठल्याही बाईचं मन तिथल्या मालमत्तेपासून वेगळं काढता येत नाही.

पडद्यावर हे साधलं सतीश मनवरांच्या 'गाभ्रीचा पाऊस'ने, 2009 मध्ये. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर सोनाली कुलकर्णीची अलका आपल्या नवऱ्यावर, किसनावर, पहारा बसवते. छोट्या मुलाला, दिनूला, बापाच्या मागे धाडते, घरात चणचण असताना गोडधोड रांधते. किसनाला कळत नाही, हे लाड कशापायी! भीती आणि माया एकाच चुलीवर शिजताना मराठी चित्रपटात मी क्वचित पाहिली आहे. सोबत ज्योती सुभाष यांची म्हातारी. या घरात दोन पिढ्यांच्या बाया आहेत आणि पाऊस फसला की दोघींचंही पोट फसतं. 'नाळ'मधली देविका दफ्तरदारची आईही याच कुळातली, फक्त ती पोराच्या नजरेतून दिसते.

पिढ्यांचा चित्रपट म्हणजे वारशाचा चित्रपट. आजीकडून नातीकडे काय जातं, हे जो सांगत नाही तो नुसता ग्रुप फोटो. वऱ्हाडात कापूस वेचतात बाया, निंदण करतात बाया. सातबाऱ्यावर नाव बहुधा बाप्याचं. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, देशाने 2005 साली. पण भाऊ जेवू घालतो, साडी नेसवतो आणि बहीण हक्कसोडपत्रावर सही करून माहेर टिकवते. किती नाट्य आहे या एका सहीत! शेतकरी आत्महत्येनंतर विधवेला मिळणाऱ्या 1 लाखाच्या मदतीसाठी मृत्यू आधी 'पात्र' ठरावा लागतो. ती फाईल घेऊन फिरणारी सून आणि घरी वाट पाहणारी सासू यांच्यावर सहज एक चित्रपट उभा राहील. मेळघाटातल्या कोरकू बाईचं तर नावही निघत नाही.

करमणुकीत सातबारा कशाला, असं निर्माते म्हणतील. पण 1981 च्या 'अरे संसार संसार'मध्ये शेतही होतं, रंजनाही होती आणि अकोल्याच्या विठ्ठल वाघांचं तिफणीचं गाणंही होतं. ते गाणं लोक अजून गुणगुणतात. प्रेक्षकाला शेताचं वावडं नाही. ते आहे लिहिणाऱ्यांना आणि पैसा घालणाऱ्यांना. तेव्हा पुढच्या चित्रपटात मंगळागौर खुशाल ठेवा, फुगड्याही घाला. पण त्या बहिणींना मध्यंतराआधी एकदा तलाठ्याकडे न्या. तिथे भांडण झालं, तरच शेवटच्या समेटाला किंमत येईल.