ज्ञानाचं जाळं आणि बाजाराशी सावड



संशोधन आणि शिक्षणासाठी उभारलेल्या इंटरनेट-जाळ्यांनी व्यापारी कंपन्यांशी थेट जोडणी करावी का, हा आजचा विषय. हे काम तंत्रज्ञांचं, असं वाटेल. पण सार्वजनिक पैशानं बांधलेली वाट कोणासाठी आणि कोणत्या अटींवर खुली करायची, हा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे.

या जोडणीला 'पीअरिंग' म्हणतात. हिंगोलीकरांना ती वेगळी समजावायला नको. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक. आज तुमचं रान, उद्या आमचं. ही झाली सावड. तशीच दोन नेटवर्कं एकमेकांना जोडून घेतात आणि आपापल्या ग्राहकांची ये-जा थेट करतात, बहुधा पैसे न घेता. याउलट 'ट्रान्झिट' म्हणजे भाड्याचं औत. जगात कुठेही पोचवतो, पण बिल येतं. अनेक नेटवर्कं जिथे एकत्र जोडली जातात ते एक्सचेंज. भारतात 'निक्सी' हे एक्सचेंज २००३ साली सुरू झालं.

या जोडणीला जुना आक्षेप आहे तो सोवळ्याचा. ज्ञानाच्या जाळ्यात बाजार नको! अमेरिकेत एनएसएफनेटच्या मुख्य जाळ्यावर व्यापारी वाहतुकीला मनाई होती. मग १९९१ साली व्यापारी नेटवर्कांनी आपलं वेगळं एक्सचेंज काढलं आणि १९९५ साली एनएसएफनेटचं ते जाळंच बंद झालं. आपल्याकडेही १९८६ साली सुरू झालेलं 'अर्नेट' शिक्षणसंस्थांचंच होतं. सामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. २०१० साली मंजूर झालेलं नॅशनल नॉलेज नेटवर्क त्याच परंपरेतलं.

हा सोवळेपणा आम्हाला पटत नाही. जोडणी नाकारली म्हणून विद्यार्थी यूट्यूबवरचं व्याख्यान बघायचं सोडतो का? नाही. तो तेच बघतो, फक्त लांबच्या वाटेनं, आणि त्या वाटेचं भाडं संस्था भरते. शिवाय आज संशोधकाचा प्रोग्रॅम, विदा, सभा, सगळं व्यापारी कंपन्यांच्या यंत्रांवर असतं. साधन अपवित्र म्हणायचं आणि रोज वापरायचं, ही विसंगती झाली. ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या 'जॅनेट' नेटवर्कानं हे लवकर ओळखलं. १९९४ साली लंडनचं एक्सचेंज स्थापणाऱ्यांत तेही होतं.

पण दुसरी बाजू जेव्हा म्हणते की "फुकट मिळतंय, घ्या," तेव्हा तिथेही आम्ही थांबतो. सावड बरोबरीच्यांत होते. विद्यापीठ आणि मोठी कंपनी यांच्यात बरोबरी कुठली? आपल्याकडून जातं थोडं, येतं ढीगभर. तरी कंपनी जोडणीला तयार होते, कारण बघणारे डोळे नसतील तर तिच्या मालाला किंमत नाही. ते डोळे आपल्या पोरांचे आहेत. म्हणजे या सावडीत आपला बैल आहे, आपणच तो मोजत नाही. फुकट शब्दातली लबाडी ती एवढीच. एकेकट्या कॉलेजला कोणी विचारणार नाही. पण देशभरच्या संस्थांचं जाळं एकत्र बोलायला बसलं तर त्याला अटी घालता येतील.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. तिच्या भुजा चार-चार किलोमीटरच्या. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी दिली. अशी एकटी वेधशाळा लहर कुठून आली हे नीट सांगू शकत नाही. त्यासाठी जगातल्या इतर वेधशाळांच्या नोंदी लगेच ताडून पाहाव्या लागतात. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली. अमेरिका आणि इटलीतल्या नोंदींवरून आकाशाचा तुकडा ठरला आणि सुमारे अकरा तासांत दुर्बिणींना तिचा प्रकाश सापडला. असा निरोप सिनेमा-गाण्यांच्या गर्दीत अडकून चालेल का? म्हणून पहिली अट : संशोधनाची वाहतूक आधी, बाकीची मागून. आपलं रान पडीक ठेवून कोणी सावड करत नाही.

दुसरी अट : जोडणी कोणाशी, कोणत्या कराराने, हे उघड असावं. सार्वजनिक वाटेवर गुपचूप करार नकोत.

तिसरी अट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ट्रान्झिटचे जे पैसे वाचतील ते कुठे जातील? मोठ्या संस्थांची जोडणी आणखी जाड करण्यात गेले, तर ज्ञानाचं जाळं म्हणजे पुन्हा शहरांचंच जाळं. ते औंढ्या-कळमनुरीच्या कॉलेजपर्यंत पोचले पाहिजेत. दोन ताऱ्यांच्या टकरीची बातमी दुधाळ्याहून जगाला जावी आणि शेजारच्या कॉलेजात ती मोबाइलच्या रेंजची वाट बघत पडावी, असं होऊ नये.

बाजाराशी सावड जरूर करा. फक्त आपला बैल मोजून करा.