गाण्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

एकेका गाण्यामागची हकीकत सांगणारे पॉडकास्ट हा गेल्या दहा-बारा वर्षांत जगभर रुजलेला प्रकार आहे. एक गाणे घ्यायचे, ते कसे जन्मले, कोणी रचले, कोणी गायले, कोणाच्या आयुष्यात ते शिरले, हे सांगायचे, असे त्याचे स्वरूप. मध्यमवर्गीय रसिक त्याकडे करमणूक म्हणून पाहतो. गाणे आवडते, म्हणून त्याच्या पडद्यामागच्या गोष्टीही आवडतात, एवढाच त्याचा हिशेब. पण ज्यांची गाणी जगाने गायली आणि ज्यांची नावे मात्र जगाने पुसली, त्यांच्या दृष्टीने हा प्रकार निव्वळ करमणुकीचा नाही. गाण्याची हकीकत म्हणजे गाण्याचा सातबारा. जमीन कसणारा कोण आणि कागदावर नाव कोणाचे, हा प्रश्न गावच्या शिवारात जेवढा खरा आहे तेवढाच तो गाण्याच्या शिवारातही खरा आहे. म्हणून या पॉडकास्टांची तपासणी आस्वादाच्या नव्हे, तर मालकीच्या आणि श्रमाच्या अंगाने झाली पाहिजे.

या प्रकाराचे तीन नमुने डोळ्यांसमोर ठेवू. पहिला ‘साँग एक्सप्लोडर’. हृषिकेश हिरवे यांनी तो 2014 साली अमेरिकेत सुरू केला. यात गायक किंवा संगीतकार स्वतः आपले गाणे उलगडून दाखवतो. ढोल वेगळा, गिटार वेगळी, आवाज वेगळा, असे एकेक थर सुटे करून ऐकवले जातात आणि शेवटी अख्खे गाणे वाजते. विचारणाऱ्याचे प्रश्न बहुतांशी कापलेले असतात. दुसरा नमुना बी.बी.सी. रेडिओ 4 वरील ‘सोल म्युझिक’. हा मुळात 2000 सालापासूनचा रेडिओ कार्यक्रम. आता तो पॉडकास्ट म्हणूनही ऐकता येतो. यात गाणे ऐकणारी साधी माणसे आपल्या आयुष्यात ते गाणे कोठे आले ते सांगतात. तिसरा नमुना अँड्र्यू हिकी या इंग्रज लेखकाचा. पाचशे गाण्यांतून रॉक संगीताचा इतिहास सांगण्याचे काम त्याने 2018 साली हाती घेतले. तो एकटाच बोलतो, लिहून बोलतो आणि लिहिलेली संहिता वाचायलाही देतो.

‘साँग एक्सप्लोडर’चे एक मोल प्रथम मान्य केले पाहिजे. गाणे हे प्रतिभेचे दैवी देणे आहे, ही कलावाद्यांची जुनी पोथी तो नकळत फाडतो. गाणे हे काम आहे, त्यात चुका आहेत, खोडाखोड आहे, रात्री जागून केलेली जुळवाजुळव आहे, हे तेथे कानांनी ऐकू येते. निर्मितीकडे श्रम म्हणून पाहण्याची ही दृष्टी आपल्याला परकी नाही. ज्या समाजाने ढोर ओढले, चामडे कमावले, हलगी मढवली आणि ती वाजवलीही, त्याला कला आणि कष्ट यांच्यामधली भिंत कधीच खरी वाटली नाही.

परंतु या पद्धतीची मर्यादाही तेथेच सुरू होते. येथे साक्षीदार एकच. ज्याच्या नावावर गाणे आहे, तोच त्याची हकीकत सांगणार. त्याच्या शेजारी बसून रोजंदारीवर वाजवणारा वादक काय सांगेल, ही चाल ज्या वस्तीतून आली त्या वस्तीतला म्हातारा काय सांगेल, हे त्या चौकटीत बसत नाही. शिवाय थर सुटे करण्यासाठी ध्वनिमुद्रण मुळात वेगवेगळ्या पट्ट्यांवर झालेले असावे लागते. ज्यांची गाणी एकाच माईकसमोर सगळ्यांनी उभे राहून एका दमात गायली गेली, त्यांचे गाणे या यंत्राने उलगडत नाही. म्हणजे ज्याच्याजवळ साधने होती आणि ज्याच्या नावाने कागद होता, त्याचीच हकीकत येथे सांगितली जाते. हा सांगणाऱ्याचा कपटीपणा नव्हे. हा चौकटीचा दोष आहे. पण दोष चौकटीचा असला तरी त्याची किंमत चौकटीबाहेरच्यांनाच मोजावी लागते.

‘सोल म्युझिक’ची तऱ्हा उलट आहे. तेथे गाणे ऐकणाऱ्याला बोलण्याचा अधिकार मिळतो, ही मोठी गोष्ट. गाणे शेवटी ज्याने ते जगवले त्याचे, हा विचार त्यामागे आहे. परंतु तेथे दुःख बहुधा घरगुती होऊन येते. आईचा मृत्यू, तुटलेले प्रेम, आजारपण. दुःख खरे असते, पण त्याची सामाजिक मुळे उपटून काढलेली असतात. ऐकणारा हळवा होतो. अस्वस्थ होत नाही. आपल्याकडे दलित आत्मकथनांना ‘किती भोगले हो!’ असे म्हणून ज्यांनी कडेला ठेवले, त्यांचे कान आणि हे कान सारखेच.

हिकीची पद्धत या दोन्हींपेक्षा अधिक कसदार आहे. ‘पहिले रॉक गाणे’ असे काही नसते, ही भूमिका घेऊन तो आरंभ करतो. पहिलेपणाचा मान देणे म्हणजे मालकी देणे. तो मानच तो नाकारतो. त्याचे पहिले प्रकरण बेनी गुडमनच्या मंडळींनी 1939 साली वाजवलेल्या ‘फ्लाइंग होम’वर आहे. गोऱ्या पुढाऱ्याच्या त्या ताफ्यात काळा गिटारवादक चार्ली ख्रिश्चन होता. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, 1942 साली तो गेला. पण विजेच्या गिटारीला त्याने जी भाषा दिली तिच्यावर पुढच्या पिढ्या जगल्या. आणि ‘हाउंड डॉग’ या गाण्याकडे येताना हिकी प्रकरणाच्या मथळ्यावर एल्विस प्रेस्लीचे नाव घालत नाही. तो बिग ममा थॉर्नटनचे नाव घालतो.

हे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे, कारण ते आपल्याला सोपे उत्तर देत नाही. ‘काळ्या बाईचे गाणे गोऱ्याने चोरले’ असे आपण चटकन म्हणून जातो. हकीकत तशी सरळ नाही. शब्द आणि चाल जेरी लीबर आणि माइक स्टॉलर या दोन गोऱ्या ज्यू पोरांची. दोघेही तेव्हा विशीच्या आतबाहेरचे. ते त्यांनी थॉर्नटनसाठीच रचले. ध्वनिमुद्रण ऑगस्ट 1952 मध्ये लॉस एंजलिसला झाले. ताफा जॉनी ओटिसचा; तो जन्माने ग्रीक वंशाचा, पण आयुष्य काळ्या वस्तीत काढलेला. गिटारवर पीट लुईस. 1953 साली ते गाणे काळ्या श्रोत्यांच्या बाजारात सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. 1956 साली एल्विसने गायले तेव्हा त्याच्यापुढे नमुना होता तो लास व्हेगासमधल्या एका गोऱ्या ताफ्याने बदललेला. त्याच्या लाखो प्रती खपल्या. या गाण्याचे आपल्याला एकदाच पाचशे डॉलर मिळाले, पुढे काही नाही, असे थॉर्नटन सांगत असे. 1984 साली ती वारली.

मग चोरी कोठे झाली? ती कायद्याच्या व्याख्येत झाली. कागदावर लिहिता येतात ते शब्द आणि स्वरलिपीत मांडता येते ती चाल, एवढ्यालाच कायदा ‘रचना’ म्हणतो. थॉर्नटनने त्या शब्दांत जी गुरगुर भरली, जो हुंकार दिला, गिटारशी जो झगडा केला, ज्यामुळे ते गाणे गाणे झाले, ते कायद्याच्या लेखी शून्य. ध्वनिमुद्रणाला अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण मिळाले तेही 15 फेब्रुवारी 1972 पासून पुढच्या ध्वनिमुद्रणांना. म्हणजे लिहिणाऱ्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि देहातून आवाज काढणाऱ्याची रोजंदारी त्या दिवशीच संपते. लेखणी श्रेष्ठ आणि कंठ कनिष्ठ, ही उतरंड आपण कोठे पाहिली आहे, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक कडू गोष्ट. थॉर्नटनची तबकडी काढणारा डॉन रोबी हा स्वतः काळा होता. दुसऱ्यांच्या गाण्यांवर टोपणनावाने आपले नाव लावणारा म्हणून तो ओळखला जातो. शोषण करणारा आपल्या कातडीचा असला म्हणून शोषण थांबत नाही. हे त्यांना जेवढे लागू, तेवढेच आपल्यालाही.

हकीकत सांगण्याने काय होते, असे कोणी विचारील. त्याला उत्तर दक्षिण आफ्रिकेने दिले आहे. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने 1939 साली जोहान्सबर्गला ‘म्बुबे’ हे गाणे आपल्या साथीदारांसह गायले. गाता गाता, शेवटाकडे, त्याने आयत्या वेळी एक चाल सोडली. गाण्याचे हक्क कंपनीने दहा शिलिंगांना घेतले. पुढे ते गाणे अमेरिकेत ‘विमोवे’ झाले आणि 1961 साली ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ झाले. ती आयत्या वेळची चाल जगभर गेली. लिंडा 1962 साली गरिबीत मेला. 2000 साली रायन मलान या पत्रकाराने ही सगळी हकीकत अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’ मासिकात मांडली. मग वकिलांनी 1911 चा ब्रिटिश साम्राज्याचा जुना कायदा उकरून काढला. लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी हक्क वारसांकडे परततात, असे त्यात कलम होते. 2004 साली डिस्ने कंपनीवर दावा लागला आणि 2006 साली लिंडाच्या मुलींशी तडजोड झाली. एक हकीकत, आणि सदुसष्ट वर्षांनी सातबाऱ्यावर खरे नाव. न्याय उशिरा आला आणि अपुरा आला. पण लेख नसता तर तोही आला नसता.

आता आपल्या शिवारात येऊ. 1972 साली दलित पँथरने अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीचे नाव घेतले, ते नात्याच्या जाणिवेने घेतले. ते नाते गाण्यातही शोधले पाहिजे. पठ्ठे बापूरावांचे नाव मराठी लावणीच्या प्रत्येक इतिहासात आहे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचे मूळ नाव. जातीने वाळीत टाकले तरी ते तमाशात राहिले आणि अखेर दारिद्र्यात गेले, ही त्यांची थोरवी आहेच. पण त्या लावण्या उभ्या केल्या महार समाजातल्या पवळाने. शब्द बापूरावांचे म्हणून नोंदले गेले. पवळाने कंठाने आणि पायांनी त्यांत काय घातले, त्याची नोंद कोणत्या वहीत आहे? लिहिण्याची वही पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या घरात होती, हे आठवले की उत्तर मिळते.

आपल्या शाहिरांनी मात्र यावर एक इलाज पूर्वीच काढला होता. वामनदादा कर्डक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. समीक्षक त्याला नाममुद्रा म्हणून अलंकारात जमा करतात. ती अलंकार नव्हे, ती मालकीची नोंद आहे. ज्याच्याजवळ छापखाना नाही, वकील नाही, त्याने आपला सातबारा गाण्याच्या पोटातच लिहून ठेवला. म्हणून भीमगीत गाणाऱ्याने वेळ अपुरा आहे म्हणून शेवटचे कडवे गाळले, तर तो केवळ चार ओळी गाळत नाही. तो कवीचे नाव शेतातून उपटतो.

गाण्याची हकीकत कशी सांगावी, याचे दोन धडे आपल्याकडे आहेत. एक ‘जय भीम कॉम्रेड’. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मारली गेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षे त्या धाग्याचा माग काढून 2011 साली हा चित्रपट पुरा केला. त्यात गाणे आहे, आणि गाणे ज्या गोळीबारातून, ज्या झोपडीतून, ज्या बेकारीतून आले तेही आहे. दुःख घरगुती करून तो आपल्या हातात देत नाही. दुसरा धडा जात्यावरच्या ओव्यांचा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या; ‘परी’ने 2017 पासून त्या आवाजासह लोकांपुढे ठेवल्या. ‘लोकगीत’ म्हटले की गाणारीचे नाव गळते, ही विद्यापीठी रीत. येथे मात्र ओवीसोबत बाईचे नाव आहे, गाव आहे, जात आहे, तिचे कष्ट आहेत. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या अशाच नावानिशी आपल्यापर्यंत आल्या. पाचशे गाण्यांचा इतिहास सांगणाऱ्याला यातून शिकण्यासारखे आहे.

पॉडकास्टला आज छापखाना लागत नाही, रेडिओची परवानगी लागत नाही. खिशातला मोबाइल पुरतो. जलशात उभे राहिलेले, कॅसेटच्या काळात कोरसमध्ये गायलेले, ढोलकीवर साथ केलेले लोक अजून वस्त्यांत आहेत. ते रोज एकेक करून कमी होत आहेत. विद्यार्थी आणि शिक्षकांनी एकेक गाणे वाटून घ्यावे. प्रश्न थोडेच आहेत: शब्द कोणाचे, चाल कोठून आली, पहिल्यांदा कोठे गायले, साथीला कोण होते, पैसे कोणाला मिळाले, आणि शेवटचे कडवे कोणी गाळले? साक्षीदार एक नको, चार हवेत. शाहिराइतकाच ढोलकीवाला महत्त्वाचा. आपल्या माणसाविरुद्ध जाणारे उत्तर आले तरी तेही ठेवावे. डॉन रोबी आपल्यातही असू शकतो. जे सांगितले ते लिहूनही ठेवावे, कारण दाव्यात आवाजापेक्षा कागद अजूनही जड जातो.

भारताच्या कायद्याने 1994 साली गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचे हक्क मान्य केले, 2012 साली कवी आणि संगीतकाराचा मोबदल्यावरचा हक्क पक्का केला. पण हक्क मागायला आधी नाव लागते. आणि ते नाव दुसरा कोणी येऊन लिहून देणार नाही.